वाढलेलें तेल

घरांतली एकादी वस्तु कमी झाली कीं आपण लगेच चौकशी सुरू करतों. साखरेचा डबा दोन दिवस आधीं रिकामा झाला, तर तो कोणीं उघडला याचा तपास होतो. पाकिटांत एक नोट कमी भरली, तर सगळ्या सदऱ्यांचे खिसे उलटेपालटे होतात. वस्तु वाढली असतां मात्र अशी चौकशी करावी असें आपल्या मनांतहि येत नाहीं. वाढ झाली कीं ती देवाचा प्रसाद समजून आपण पदरांत घेतों. याला अपवाद एकच, आणि तो दुधाचा! दूध वाढलेलें दिसलें, तर तें कशानें वाढलें हें कोणत्याहि गृहिणीला सांगावें लागत नाहीं. दुधाच्या बाबतींत आपल्या आयाबहिणी जें शहाणपण दाखवितात, तें इतर बाबतींत आपण कां दाखवीत नाहीं, हा प्रश्न मला आजपर्यंत कधीं पडला नव्हता. तो पडला मनोरीला, एका मासेमारी बोटीच्या एंजिनाशेजारीं बसलों असतांना.

मालाडच्या पश्चिमेस मार्व्याचा किनारा आहे. तेथें फेरीबोटींत बसलें कीं थोड्याच मिनिटांत खाडी ओलांडून माणूस मनोरीस उतरतो. सरकारी दप्तराप्रमाणें हें गांव मुंबई उपनगर जिल्ह्यांतलेंच. पण पलीकडच्या कांठावर पाय ठेवतांच शहर फार मागें राहिल्यासारखें वाटतें. बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात, ख्रिस्ती घरांच्या दारांशीं क्रूस दिसतात, आणि खाडींत रंगविलेल्या होड्या नांगरलेल्या असतात. गेल्या मार्गशीर्षांत आठ दिवस निवांतपणें लिहावें म्हणून मी तेथें एका नाखव्यांच्या घरीं खोली घेऊन राहिलों होतों. लिहिणें फारसें झालें नाहीं. पण त्याबद्दल मला खेद नाहीं.

नाखव्यांची बोट डोलीची. डोल म्हणजे पिशवीसारखें, तोंडाशीं रुंद आणि शेपटाशीं निमुळतें होत जाणारें मोठें जाळें. तें मासळीच्या मागें धांवत नाहीं. समुद्रांत तें एके ठिकाणीं पक्कें बांधून ठेवतात, आणि भरतीओहोटीचा प्रवाहच मासळी त्यांत आणून घालतो. त्यामुळें या धंद्याचें सारें पंचांग पाण्याच्या जोरावर चालतें. पुनवेच्या नि अंवसेच्या सुमारास पाण्याला ओढ असते, तें उधाण. अष्टमीच्या आगेंमागें पाणी मंदावतें, तो भांग. उधाणाचे चार दिवस हुकले, तर पंधरवड्याची कमाई हुकली. त्यांतून १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हां उरलेल्या महिन्यांतला प्रत्येक पंधरवडा मोलाचा.

पुनवेला तीन दिवस उरले होते. संध्याकाळीं नाखव्यांचा पुतण्या हंसत हंसत घरीं आला. बोटीवर एंजिन सांभाळण्याचें काम त्याचें. "काका, एंजिन आतां ऑइल खात नाहीं," तो म्हणाला. "चार फेऱ्या झाल्या, वरून थेंब घातला नाहीं, तरी डिपस्टिकवर दोन बोटं जास्तच दाखवतंय!" डिपस्टिक म्हणजे एंजिनांतलें तेल मोजण्याची पोलादी पट्टी. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेच्या खालीं जातां कामा नये, हें त्या मुलाला लहानपणापासून पढविलेलें. तेल वरच्या खुणेच्याहि वर गेल्याचें पाहून तो खूश झाला, यांत नवल नाहीं. नाखवीणबाई खूश झाल्या, कारण तेलाचा खर्च वांचला. मला एंजिनांतलें ओ कीं ठो कळत नव्हतें, तरी मी सुद्धां "वा, उत्तम!" म्हणून मोकळा झालों.

नाखवा मात्र हंसले नाहींत. ताटांतला घांस त्यांनीं हातांतच ठेवला. "जुनं एंजिन ऑइल खातंच," ते म्हणाले. "खात नसेल, तर तें दुसरं कायतरी पीत असेल." जेवण आटोपून त्यांनीं मिस्त्रींना फोन केला. पुतण्या कुरकुरला. एवढें उधाण मारून घेऊं, मग भांगांत एंजिन खोलूं, असें त्याचें म्हणणें. त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. एंजिन सुरेख चाललें होतें. आवाज नाहीं, धूर नाहीं. तक्रार होती ती एवढीच, कीं तेल वाढलें होतें!

दुसऱ्या दिवशीं पहिल्या फेरीनें मिस्त्री आले. साठीच्या घरांतले, बारीक अंगाचे, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. त्यांनीं पिशवी खालीं ठेवली. पण पान्याला हातहि लावला नाहीं. "तेल मोजलंस तेव्हां बोट कुठं होती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ओहोटीला खाडीचें पाणी उतरलें म्हणजे होड्या चिखलांत एका कुशीवर कलतात. कललेल्या होडींत तेल मोजलें, तर पट्टी खोटें बोलते. म्हणून भरती येऊन बोट सरळ तरंगेपर्यंत आम्ही सारे कांठावर बसून राहिलों. मला हा वेळेचा अपव्यय वाटला. पुढें दिवसभर त्यांचें काम पाहिल्यावर कळलें, कीं रोग शोधण्याआधीं रोग आहे कीं नाहीं हें ठरविणें हाच त्यांच्या शास्त्राचा पहिला धडा होता.

बोट सरळ झाली. पुन्हा मोजलें, तेल दोन बोटें वरच! आतां प्रश्न असा, कीं वाढलें तें काय? पुतण्यानें नाहीं, तसें दुसऱ्या कोणीं वरून ओतलें का? नाहीं. मग उरल्या दोनच शक्यता, पाणी किंवा डिझेल. समुद्रांतल्या एंजिनावर पहिला संशय अर्थात् पाण्याचा. परंतु तेलांत पाणी शिरलें तर तें लपत नाहीं. तेल घुसळल्यासारखें पांढुरकें होतें, दूध घातलेल्या कॉफीसारखें दिसूं लागतें. हें तेल काळेंच होतें. तरीहि मिस्त्रींनीं नाखवीणबाईंकडून जुना तवा मागविला, किनाऱ्यावर तो चुलीवर तापविला, आणि त्यावर एक थेंब टाकला. पाणी असतें, तर थेंब तडतडला असता. तो नुसताच धुरावला. पाणी नाहीं, हें ठरलें.

मग त्यांनीं पट्टीवरचें तेल आंगठा नि तर्जनी यांच्यामध्यें घेतलें आणि बोटें हळूच विलग केलीं. चांगल्या तेलाची तार ओढली जाते. ही तार ओढण्याआधींच तुटली. त्यांनीं बोटें नाकाशीं नेलीं, मग पुतण्याच्या नाकाशीं, मग माझ्या. वास डिझेलचा! "आतां कागद द्या," ते मला म्हणाले. "पाणी टिपणारा." मी अजून टाकानें लिहितों, म्हणून माझ्यापाशीं टीपकागद होता. त्यावर त्यांनीं एक थेंब डब्यांतल्या नव्या तेलाचा टाकला आणि शेजारीं दुसरा एंजिनांतल्या तेलाचा. दोनतीन तासांनीं पाहतों तों नव्या तेलाचा डाग आहे तेथेंच बसलेला. दुसऱ्याच्या काळ्या डागाभोंवतीं मात्र एक फिकट, ओलसर वलय दूरवर पसरत गेलेलें. जाड तेल मागें राहिलें होतें, आणि पातळ डिझेल त्याला सोडून पुढें निघून गेलें होतें. प्रयोगशाळेंतल्या यंत्रांनीं हें प्रमाण आज नेमकें मोजतां येतें. पण खाडीच्या कांठावर एका टीपकागदानें जो निर्णय दिला, तो आमच्यापुरता पुरेसा होता.

येथें या दोन द्रवांचें नातें सांगितलें पाहिजे. डिझेल एंजिनांत पेट्रोलच्या मोटारीप्रमाणें ठिणगी पाडावी लागत नाहीं. सिलिंडरांतली हवा इतकी दाबली जाते, कीं ती ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते. त्या तप्त हवेंत नोझल डिझेलचा फवारा सोडतें आणि तो आपण होऊन पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलचें हें एंजिन १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें कसोटीस उतरलें. तो स्वतः १९१३ च्या सप्टेंबरांत अँटवर्पहून हारिचला जाणाऱ्या जहाजावरून रात्रींतून नाहींसा झाला, आणि पुढें त्याचें प्रेत समुद्रांत आढळलें. त्याचें यंत्र मात्र जगभर पसरलें. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल एंजिनें घडविलीं. आणि ज्या किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढून मराठी घरांत मासिक नेलें, त्यांचीच किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली. विहिरीवरच्या मोटेची आणि होडीवरच्या शिडाची जागा या एंजिनानें घेतली, आणि दर्यावर जाणाऱ्या माणसाचें वाऱ्यावर अवलंबून राहणें संपलें.

या एंजिनांत दोन तेलें नांदतात. एक डिझेल, त्याचा जन्मच जळण्यासाठीं. दुसरें वंगणाचें, त्यानें जळायचें नाहीं, तर फिरणाऱ्या दांड्याला आणि त्याच्या बेअरिंगांना एकमेकांपासून अलग ठेवायचें. एवढा थोरला पोलादी दांडा केंसापेक्षांहि पातळ अशा तेलाच्या थरावर अक्षरशः तरंगत असतो. दोन्ही तेलें एकाच खनिज तेलाचीं अपत्यें, म्हणजे सख्खीं भावंडें. आणि धोका आहे तो नेमका या सख्खेपणांत. पाणी परकें, तें आलें कीं तेलाचा रंग पालटतो, घरांत चोर शिरल्याची वर्दी मिळते. डिझेल आलें तर दंगा नाहीं, रंगांत बदल नाहीं. भाऊ भावांत मिसळून जातो, आणि वरून पाहणाराला एवढेंच दिसतें कीं घर भरलें आहे. प्रत्यक्षांत तो तरंगता थर पातळ होत होत एके दिवशीं तुटतो, आणि धातु धातूला भिडते.

"आणखी एक असतं," मिस्त्री म्हणाले. चेंबरांतलें तेल, म्हणजे तळच्या कोठींतलें तेल, फार वर आलें तर तें श्वासनळीच्या वाटेनें हवेबरोबर सिलिंडरांत ओढलें जातें. डिझेल एंजिनाला काय मिळालें याची पर्वा नसते. जें मिळेल तें तें जाळतें. मग बंद करण्याची कळ ओढली तरी एंजिन बंद होत नाहीं, कारण कळ बंद करते तो डिझेलचा पंप. आणि एंजिन तर आतां स्वतःचेंच वंगण पिऊन पिसाटासारखें धांवत असतें. त्याची हवा कोंडणें एवढाच उपाय उरतो. "दर्यांत असं झालं तर?" मीं विचारलें. मिस्त्रींनीं उत्तर दिलें नाहीं. बोटीवर सात माणसें जातात, हें मला ठाऊक होतें. आणि त्यांतला एक समोर बसून खालीं मान घालून टीपकागदाकडे पाहत होता.

आतां डिझेल कोणत्या वाटेनें आलें हें शोधायचें. वाटा मुख्यतः तीन. पहिली फीड पंपाची. टाकींतलें डिझेल पुढें ढकलणारा हा लहान पंप या एंजिनाच्या कुशीलाच बसविलेला असतो, आणि त्यांत रबरी कापडाचा एक पडदा वरखालीं होत असतो. तो पडदा फाटला, तर डिझेल सरळ एंजिनाच्या पोटांत उतरतें. दुसरी वाट नोझलची. नोझलनें धुक्यासारखा फवारा सोडावा. तें जर थेंब थेंब गळूं लागलें, तर न जळलेलें डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचें वंगण धुवून खालीं ओघळतें. तिसरी वाट टॅपेट कव्हरच्या आंतली. नोझलमध्यें उरलेलें थोडें डिझेल टाकीकडे परत नेणारी एक बारीक नळी असते, तिला हे लोक ओव्हरफ्लो पाईप म्हणतात. या एंजिनांत तिचे सहाहि सांधे टॅपेट कव्हरच्या झांकणाखालीं होते. तेथें सांधा पाझरला, तर बाहेर कोणाला दिसणारहि नाहीं. डिझेल वंगणाबरोबर मुकाट्यानें चेंबरांत उतरत राहील.

मिस्त्रींनीं सोपें काम आधीं घेतलें. दोन बोल्ट काढून फीड पंप बाहेर घेतला, खालची बाजू कोरडी पुसली, आणि हातानें दांडी मारून मारून पाहिली. पडदा शाबूत, थेंबहि आला नाहीं. मग एंजिन मंद चालवून एकेका नोझलची नळी क्षणभर सैल केली. निरोगी सिलिंडर असा क्षणभर उपाशी ठेवला, तर एंजिनाचा स्वर उतरतो. रोगी सिलिंडरानें तो उतरत नाहीं. सहाहि वेळां स्वर सारखाच उतरला. यावेळीं त्यांनीं पुतण्याचा हात मात्र चटकन् मागें ओढला. त्या नळींतून डिझेल एवढ्या दाबानें येतें, कीं बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. वरून टोंचल्याएवढी जखम दिसते आणि हात जाण्याची पाळी येते. धूर स्वच्छ, स्वर सारखा, म्हणून नोझलांवरचा संशय त्यांनीं तूर्त बाजूला ठेवला; तिसरी वाट निर्दोष निघाली असती, तर सहाहि नोझलें काढून मालाडला नेऊन दाबयंत्रावर तपासावीं लागलीं असतीं, आणि उधाण गेलेंच असतें.

दुपार टळली होती. मिस्त्रींनीं टॅपेट कव्हर उतरविलें. आंत सगळेंच तेलानें माखलेलें; त्यांत डिझेल कोठून झिरपतें हें ब्रह्मदेवालाहि दिसलें नसतें. त्यांनीं ओव्हरफ्लो पाईपचें टांकीकडचें टोंक सोडविलें आणि पुतण्याला म्हटलें, "सायकलचा पंप आण." सायकलच्या पंपानें त्या नळींत बेताबेतानें हवा भरली, आणि दाढीच्या ब्रशानें सहाहि सांध्यांना साबणाचा फेस लावला. आम्ही सारे वांकून पाहूं लागलों. क्षणभर कांहीं नाहीं. मग तिसऱ्या सांध्यावर एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. लहानपणीं पंक्चर काढणाराच्या घमेल्यांत पाहिलेलाच तो चमत्कार!

खात्रीसाठीं त्यांनीं नळी पुन्हा जोडून एंजिन मंद चालविलें, तो सांधा पुसला, आणि मला घड्याळ पाहावयास सांगितलें. एका मिनिटांत तीस थेंब पडले. वीस थेंबांचा साधारणपणें एक मिलिलिटर होतो. म्हणजे तासाला ९० मिलिलिटर. शेवटचें तेल भरल्यापासून एंजिन वीस तास चाललें होतें. १५ लिटरच्या चेंबरांत जवळ जवळ पावणेदोन लिटर डिझेल! शेंकडा पांच टक्के मिश्रण झालें तरी तें सामान्यतः गंभीर समजतात. येथें तें दहाच्या घरांत गेलें होतें. पुतण्यानें ज्याला बचत म्हटलें होतें, तिचा हा हिशेब मीं टीपकागदाच्या मागें केला.

मिस्त्रींनीं सांधा खोलला. त्यांतून तांब्याचा एक वायसर निघाला, चार आण्याच्या जुन्या नाण्यापेक्षां मोठा नसेल. त्यांनीं तो उजेडांत धरला, नखानें दाबून पाहिला, आणि बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "हा माझा."

आम्हांला अर्थ कळला नाहीं. तेव्हां त्यांनीं सांगितलें. नारळी पौर्णिमेच्या आधीं या एंजिनाचीं नोझलें त्यांनींच साफ केलीं होतीं. तांब्याचा वायसर एकदां दाबून बसला कीं कठीण होतो. पुन्हा वापरायचा तर तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत विझवावा लागतो. लोखंड असें विझविलें तर कठीण होतें, तांबें उलट मऊ होतें. नवे वायसर त्या दिवशीं जवळ नव्हते. त्यांनीं जुनेच तापविण्यास घेतले, तोंच वरून घाईच्या हांका सुरू झाल्या. आणि एक तसाच, न तापवितां, कठीणच बसविला गेला. चार महिने एंजिनाच्या थरथराटांत त्यानें कसाबसा दम धरला, मग तो पाझरूं लागला. "मला वाटलं होतं, चालून जाईल," ते म्हणाले. एवढें बोलून त्यांनीं वायसर खिशांत टाकला. नाखवा थोडा वेळ खाडीकडे पाहत राहिले. मग ते म्हणाले, "घाईच्या हांका माझ्याच होत्या, मिस्त्री." दोघांपैकीं कोणीहि आवाज चढविला नाहीं. परंतु परत निघतांना मिस्त्रींनीं त्या दिवसाची मजुरी घेतली नाहीं, आणि नाखव्यांनीं ती घेण्याचा आग्रह केला नाहीं.

फेरीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलों. "तुम्हांला नाखव्यांनीं वेळेवर बोलावलें," मी म्हणालों. ते म्हणाले, "कमी झालं तर सगळेच बोलावतात, भाऊ. वाढलं म्हणून मिस्त्रीला बोलावणारा नाखवा मीं दुसरा पाहिला नाहीं."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मिस्त्रींचा तेलानें माखलेला आंगठा डोळ्यांपुढून हालेना. आणि पाहतां पाहतां त्याच्या जागीं दुसराच एक आंगठा दिसूं लागला.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेवटच्या वर्षांतली गोष्ट. ते महिन्यामागून महिने खंगत चालले होते. त्यांचें वजन करून वहींत नोंदविण्याचें काम मीं स्वतःकडे घेतलें होतें, आणि दर आठवड्याला तो आंकडा उतरतांना पाहून घर उदास होई. मग एका आठवड्यांत वजन दोन किलोंनीं वाढलें. पुढच्या आठवड्यांत आणखी वाढलें. मीं तो आंकडा वहींत मोठ्या अक्षरांत लिहिला. आईनें देवापुढें साखर ठेवली. "अंगानें भरूं लागले," असें मीं बहिणीला कळविलें. अण्णांची पायताणें घट्ट होऊं लागलीं होतीं, तीहि आम्ही सुचिन्हेंच मानलीं! डॉक्टर आले ते तिसऱ्या आठवड्यांत, अण्णांना आडवें झालें कीं धाप लागूं लागली तेव्हां. त्यांनीं माझी वही पाहिली नाहीं. ते खालीं वांकले, आंगठ्यानें अण्णांच्या नडगीवर दाबलें, आणि आंगठा उचलला. तेथें एक खड्डा पडला होता, आणि तो भरून येत नव्हता. हृदय थकलें होतें; शरीरांतलें पाणी बाहेर पडत नव्हतें. वाढलें होतें तें पाणी. हृदय थकलेल्या रोग्याचें रोज वजन करावें आणि दोनतीन दिवसांत तें दोन किलो वाढलें तर ताबडतोब कळवावें, असें वैद्यक सांगतें. हें मला त्या दिवशीं समजलें. तोंवर वजन करण्याचा हेतु तें कमी होतें कीं काय हें पाहणें, एवढाच आहे अशी माझी समजूत होती. अण्णा त्यानंतर फार दिवस राहिले नाहींत. तीन आठवडे आधीं कळलें असतें तर काय झालें असतें, हें मीं डॉक्टरांना विचारलें नाहीं. अजूनहि मला तें ठाऊक नाहीं.

परंतु त्या रात्रीं मनोरीस एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. मीं अण्णांची काळजी घेण्यांत कसूर केली नव्हती. वही रोजच्या रोज लिहिली होती, आंकडे खरे होते. चूक होती ती माझ्या आनंदांत. जो आंकडा मला हवा होता तोच पट्टीवर दिसला, म्हणून तो कोठून आला हें मीं विचारलें नाहीं. पुतण्या तरी माझ्याहून निराळा काय होता? तेल सरलें असतें, तर तो त्याच रात्रीं एंजिनाशीं बसला असता. "माझा" असें म्हणून मिस्त्रींनीं तो वायसर खिशांत टाकला, तसें माझ्या त्या वहीचें करण्याचें धैर्य मला इतक्या वर्षांत झालें नव्हतें. ती वही कपाटाच्या वरच्या फळीवर आहे.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्री नवे वायसर घेऊन आले. सांधा एकच पाझरत होता, तरी त्यांनीं सहाहि सांध्यांचे वायसर बदलले. पुन्हा सायकलचा पंप, पुन्हा साबण. या वेळीं बुडबुडा नाहीं. एंजिन थोडें तापवून जुनें तेल डब्यांत काढलें. डिझेल मिसळलेलें तेल लवकर पेट घेतें, म्हणून जवळच्या खलाशाला विडी विझवावयास लावली. आणि तो डबा खाडींत न ओततां मालाडला नेण्यासाठीं बाजूला ठेवला. जुना फिल्टर त्यांनीं पत्रा कापून उघडला, आंतल्या कागदाच्या घड्या उन्हांत एकेक उलगडून पाहिल्या. बेअरिंग खरवडलें असेल, तर त्या घड्यांत धातूची चमक सांपडते. दोन घड्यांत बारीकशी चमक होती. मिस्त्रींनीं नाखव्यांना ती दाखविली, लपविली नाहीं. "वेळ गेली नाहीं," ते म्हणाले. "दहा तास चालवा, मग पुन्हा फिल्टर कापूं. तेलाचा दाब रोज पाहा." नवें तेल भरलें, नवा फिल्टर लागला, एंजिन चाललें, थांबलें, निवलें, मग बोट पाण्यावर सरळ असतांना तेल मोजलें. वरच्या खुणेच्या किंचित् खालीं. पुनवेच्या पहांटे बोट सातहि माणसांसह उधाणावर गेली, आणि दुपारीं बोंबलांनीं भरून परतली. त्या दिवशीं नाखवीणबाईंनीं माझ्या ताटांत जो रस्सा वाढला, तो मला जन्मांत विसरतां येणार नाहीं.

दहा तासांनंतर दुसरा फिल्टर कापला तो मी निघण्याच्या आदल्या दिवशीं. घड्यांत चमक सांपडली नाहीं.

निघायच्या सकाळीं निरोप घेण्यासाठीं मी बोटीवर गेलों. पुतण्या एंजिनाशीं बसला होता. त्यानें पट्टी ओढली, पण पुसण्याआधीं ती नाकाशीं नेली. मग पुसून पुन्हा बुडविली, पाहिली, आणि शेजारीं सुतळीनें टांगलेल्या शाळेच्या वहींत कांहीं लिहिलें. मीं ती वही मागून पाहिली. पानावर त्यानें पट्टीनें दोन खाने आंखले होते. एकाच्या डोक्यावर 'कमी' आणि दुसऱ्याच्या डोक्यावर 'जास्त' असें लिहिलें होतें. 'कमी'च्या खान्यांत लहान लहान आंकडे होते, कारण जुनें एंजिन आतां पुन्हा नेहमींसारखें थोडें थोडें तेल खाऊं लागलें होतें. 'जास्त'च्या खान्यांत त्यानें रोज एक शून्य काढलें होतें.